त्यांच्या बाजूची हवा

२० नोव्हेंबर २००५, रविवार. ब्रह्मपुरी

॥ ॐ नमः शिवाय ॥

जमाखर्चाची वही वेगळी आहे. ही डायरी लेकीनं, डिंपलनं, नागपूरहून आणली, औषधाच्या कंपनीची, फुकटची. कोरी पडू द्यायची तर जीव होत नाही, म्हणून जमेल तसं लिहीन. दहावीची परीक्षा दिल्यापासून चिठ्ठी आणि हिशेब सोडून मी काही लिहिलेलं नाही.

डिंपल नागपूरला रुग्णांच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर असते. आज बसमधून उतरली ती एक खोकं डोक्यावर घेऊन. आत हवेची गादी. गुंडाळली की उशीएवढी, भरली की दोन माणसं झोपतील एवढी. गादीच्या पोटात दोन कप्पे आहेत, दोन्हींना वेगळी तोटी, वेगळं फिरकीचं बूच. ज्याच्या त्याच्या बाजूची हवा हवी तशी कमी-जास्त करायची. सोबत पायानं दाबायचा पंप.

मी म्हटलं, "दोन कप्पे कायले? मी तं सतरंजीवर झोपतो."

"एक बाबाचा, एक तुहा. तू खाली झोपली तं बाबाची कूस कोन पलटवंल?"

हे आतून ओरडले, "डिंपल, तुही माय गादीवर झोपली तं महादेव रागावते वाटते तिले!"

मे महिन्यात हे मॅटाडोरच्या टपावर जाळ्यांचे गठ्ठे बांधत होते, तिथून पडले. पाठीचा मणका गेला. कमरेखाली काही कळत नाही, चिमटा घेतला तरी नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, या आजारात माणूस हाडानं जात नाही, पाठीला जखम पडते तिनं जातो. जखम पडू देऊ नका. सहा महिने मी ती पडू दिलेली नाही. दर दोन तासांनी कूस, रोज अंग पुसणं, खोबरेल. देवाची कृपा.

२१ नोव्हेंबर, सोमवार

उपास. ठरलं एकदाचं. परवा निघायचं.

बारा वर्षं दर हिवाळ्यात आम्ही जाळी विकायला जातो, हे, मी आणि यांचे धाकटे भाऊ मुखरू भाऊजी. चामोर्शीवरून मुलचेऱ्याकडे, मग आलापल्ली. तळ्यातलं पाणी उतरू लागलं की जाळ्यांना गिऱ्हाईक. बंगाली निर्वासितांच्या गावांत तर फेकजाळी हातोहात जातात. ते दीड-दोन महिने मॅटाडोर हेच आमचं घर. आत स्टो, पाण्याचा पिंप, देवाची फळी, झोपायला फळ्यांची आडवी पाटी. यंदा मी म्हटलं होतं, भाऊजी एकटे जातील. त्यावर हे चार दिवस जेवले नाहीत धड.

आज म्हणाले, "मले इथी छपराचे कवेलू मोजत मरायचं नाई. हातानं जाळं विनता येते, तोंडानं विकता येते. पाय मुखरूचे घेऊ. काऊन रे मुखरू?"

भाऊजी म्हणाले, "पाय घे, पन चप्पल माही नको मागू."

डिंपलनं मॅटाडोरमधल्या पाटीवर गादी टाकून दाखवली. यांना वर निजवलं आणि हवा भरत गेली. मध्ये मध्ये थांबून हात घालून बघायची. "माय, इकडं पाह्य. बाबा गादीत बुडले पायजे. थोडेसेच. गादीवर ठेवल्यावानी दिसले नाई पायजे. आन् खालून हात घातला तं हाड लागलं नाई पायजे. बस, तेवढीच हवा." मी मोजत होते. ब्याऐंशी वेळा पंप दाबला तिनं. दुसरी बाजू साठवर सोडली, मी म्हटलं पुरे.

दुपारच्या बसनं ती परत गेली. जाताना तीनदा म्हणाली, हात घालून पाहत जा.

२३ नोव्हेंबर, बुधवार. चामोर्शीजवळ

पहाटे गादी पुसून, सगळी हवा सोडून नव्यानं भरली. रोज तसंच करायचं ठरवलं आहे, खाली ओल राहायला नको. पंप दाबताना आपोआप नाम सुरू झालं. दाबला की नमः, सोडला की शिवाय. पंपाचा श्वासही तसाच लागतो.

मग मनात आलं, पायानं दाबते आहे आणि तोंडात देवाचं नाम. पाप तर नाही? यांना विचारलं.

म्हणाले, "देवळाले चक्कर मारतेस ते का डोक्यानं मारतेस?"

हे खरंच. प्रदक्षिणा पायांनीच घालतात. मन हलकं झालं. ब्याऐंशीवर आले आणि पाय थांबेना. ब्याऐंशी ही काही संख्या नाही. माळ हातात घेऊन ब्याऐंशी मण्यांवर कोणी ठेवून देतं का? आणखी सव्वीस. एकशे आठ पूर्ण केले. गादी छान टणक झाली, कुठे सुरकुती नाही. मऊ गादीनं कंबर धरते हे तर सगळेच सांगतात.

मी नेम धरला. महाशिवरात्रीपर्यंत रोज यांच्या बाजूला एकशे आठ नामांची हवा. महाशिवरात्रीला मार्कंड्याला यांना देवासमोर बसवीन. उभं नाही मागत मी. बसवीन.

यांना विचारलं, बरं वाटतं? म्हणाले, "वाटते. तू मोजत असली की बरं वाटते." माझी फिरकी घेतात नेहमी.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

यांची बाजू उंच, माझी खोलगट, त्यामुळे हे घरंगळत माझ्या बाजूला येतात. भाऊजी गाडी चालवता चालवता आरशात बघून म्हणाले, "दादा, पंचवीस वर्सं झाली लग्नाले, अजून सरकूनच राह्यला का?" मला लाज वाटली. मधल्या रेघेवर जाळ्याचा गठ्ठा लावला. आता सरकत नाहीत.

२८ नोव्हेंबर, सोमवार. मुलचेऱ्याजवळ, तळ्याकाठी

उपास. आजचा दिवस चांगला गेला हे लिहून ठेवते.

मागचं दार उघडं टाकलं, यांचं डोकं दाराकडे. छातीवर जाळं, हातात विणायची सुई. गिऱ्हाईक येतात आणि याच जागी उभे राहून गोष्टी करतात. निताई मंडल आला, सायकलचं दुकान आहे त्याचं, तळ्याचा ठेकाही त्याच्याकडे. म्हणाला, "बाबुलालदा, तुम तो राजा बन गया! सोके धंदा करता है."

हे म्हणाले, "राजाच हाये. फक्त पाय सरकारजमा झाले."

निताईला हसावं की नाही कळेना. हेच मोठ्यानं हसले तेव्हा तोही हसला. सहा जाळी घेतली. मे महिन्यानंतर यांना असं हसताना मी आजच पाहिलं.

२ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस एक गोष्ट बघते आहे. सकाळी गादी टणक भरते, आणि दुपारी मी तळ्यावरून धुणं धुऊन येते तर यांची बाजू सैल. हे त्यात बुडालेले. माझी बाजू तशीच्या तशी. मग पुन्हा भरते. दुपारी भरते तेव्हाही नाम सोडत नाही.

डिंपलनं नवीन म्हणून आणलेली गादी. दुकानवाल्यानं फसवलं की काय पोरीला.

आज आले तेव्हा यांचा डावा हात पाटीच्या कडेला, बुचाच्या बाजूला लोंबत होता. अवघडेल म्हणून उचलून छातीवर ठेवला.

५ डिसेंबर, सोमवार

उपास. अंग पुसताना माकडहाडावर लाल दिसलं. सुपारीएवढं. दाबलं तरी पांढरं होत नाही. खोबरेल लावलं, हळद लावली, महादेवाचा अंगारा लावला. यांना सांगितलं नाही. उगाच धास्ती.

हवा जाते म्हणूनच हे झालं. दुपारी बुडतात तेव्हा खालची पाटी लागत असेल. धुण्याला भाऊजींना तर पाठवता येत नाही. बायकांचं धुणं ते थोडंच धुतील. पण लवकर परत येईन.

६ डिसेंबर, मंगळवार

लवकर परत आले. तरी सैल. हे डोळे मिटून पडले होते, म्हणाले, "राहू दे ना गोकुळा. आज दुपारची नको भरू. थकली तू."

मी म्हटलं, "मी कायची थकतो? देवाचं नाम घेऊन थकते का कोनी?"

हे भरून होईपर्यंत माझ्याकडे बघत होते.

७ डिसेंबर, बुधवार

निताईला बोलावलं. यांना सतरंजीवर घेतलं आणि त्यानं ती भरलेली गादी तळ्यात बुडवून पाहिली, ट्यूब बघतात तशी. दोन माणसं वर बसली. एक बुडबुडा नाही. निताई चक्रावला. म्हणाला, "भाभी, गाडीत हवा पिनेवाला भूत है क्या?"

भाऊजींनी यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे बघत होते.

निताई म्हणाला, पंक्चर नाही म्हणजे बूचच ढिलं. त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बुचावर वेढे दिले, वरून तार आवळली. आता पक्कड लावल्याशिवाय कोणाच्यानं सुटणार नाही. रोज सकाळी भाऊजी तार सोडून देतील, मी भरेन, ते पुन्हा आवळतील. निताईनं पैसे घेतले नाहीत. भला माणूस.

हे त्याला म्हणाले, "निताई, तू लय हुशार हायेस." संध्याकाळपर्यंत जाळंही हातात घेतलं नाही.

१० डिसेंबर, शनिवार. आलापल्ली

बाजार. गाडी दिवसभर मैदानात उभी, सागाची झाडं दूर. पहाटे थंडीनं बोटं आखडतात आणि दुपारी पत्रा हात लावू देत नाही. पण गादी आता टिकते! दुपारी तर सकाळपेक्षाही टणक लागली, बोटानं वाजवली तर ढोलकीसारखी वाजली. निताईला देव सुखी ठेवो.

हे म्हणाले, "मले तुह्या बाजूले घे घडीभर."

मी म्हटलं, "माही बाजू ढिली हाये. कंबर खचंल तुमची."

"खचू दे."

"काहीतरीच बोलता."

मग म्हणाले, "मंग गाडी तरी सावलीत लाव म्हन मुखरूले." सावलीत बाजाराची जागा नव्हती.

लाल डागाचं लिहायचं राहिलं. तो आता काळसर आहे. सुपारीहून मोठा. मी रोज सकाळी पहिल्यांदा तोच बघते आणि मग देवाकडे बघते. नाम कमी पडतंय का माझं?

१३ डिसेंबर, मंगळवार

कातडी फाटली.

आतून वास येतो. यांना ताप आहे, अंग थरथरतं, कमरेच्या वरचंच थरथरतं. भाऊजींना आठ दिवस सांगितलं नव्हतं ते आज सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "वैनी, तुमी मले सांगाले पायजे होतं." माल तसाच बांधला. उद्या मुलचेऱ्याला परत. तिथे आरोग्य उपकेंद्राच्या नर्स सत्यशीला बाई ओळखीच्या आहेत, दरवर्षी गाडीजवळ येऊन मलेरियाच्या गोळ्या घ्या म्हणून पाठीस लागतात.

१५ डिसेंबर, गुरुवार. मुलचेरा

जसं झालं तसं लिहिते.

सत्यशीला बाई गाडीत चढल्या. जखम पाहिली. धुतली, पट्टी केली, सुई दिली. मग यांना पुन्हा निजवायला गादीवर हात टेकला आणि थांबल्या. मुठीनं दाबून पाहिलं. हात खाली घालून पाहिला.

"गोकुळाबाई, ही गादी हाये का फळी?"

मी म्हटलं, "हवेची हाये. पोरीनं आनली."

"हवेची तं दिसते. किती भरता?"

"एकशे आठ."

"कोनं सांगितलं एकशे आठ?"

 माझी नजर देवाच्या फळीकडे गेली असेल, कारण त्यांनीही तिकडे पाहिलं. त्या महादेवाला मानत नाहीत, बुद्धवंदनेला जातात, मला माहीत आहे. मला वाटलं आता बोलतील काहीतरी.  पण एवढंच म्हणाल्या, "माणसाचं वजन एकाच हाडावर आलं, बाई. रक्त पोचलंच नाई तिथी. हवा कमी पायजे होती."

मी म्हटलं, "हवा तं जातच होती, म्हणून बांधली."

"कुठून जात होती?"

त्यांनी पट्टी पाहिली, तार पाहिली. मग यांच्याकडे पाहिलं. यांनी मान फिरवली.

बाईंनी माझी बाजू दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ही बाजू बरोबर हाये."

त्यांनीच भाऊजींकडून पक्कड मागून घेतली. हवा सुटली तेव्हा हे हळूहळू खाली गेले आणि यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. कमरेखाली यांना कळत नाही. पाठ, खांदे कळतात. तेवढं तर माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

आत्ताच्या आत्ता चंद्रपूर, म्हणाल्या. त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली.

१७ डिसेंबर, शनिवार. चंद्रपूर, दवाखाना

इथल्या डॉक्टरांनी जखम कापून साफ केली. मूठ जाईल एवढी आहे. हाडापर्यंत. विष रक्तात उतरलं म्हणतात. आता पालथं निजवून ठेवलं आहे, तोंड एका बाजूला. मी खाली बसले की यांचा एक डोळा मला दिसतो.

सकाळी ताप उतरला होता. मी विचारलं, "तुमी सोडत होते हवा?"

"हो."

"रोज?"

"तू धुनं घेऊन गेली की. हात पुरत होता."

"मंग मले काऊन नाई सांगितलं? तोंड नव्हतं का तुमाले?"

मी ओरडले बहुतेक. शेजारच्या खाटेजवळची बाई वळून बघायला लागली.

हे म्हणाले, "सांगनार होतो. खांदे दुखाचे माहे. पन तू नाम घेत होती ना त्यात. महादेवाले बसवून राह्यली होती तू खाली. त्याले कसा कमी म्हनू?" पुढं म्हणाले, "आन् एकशे आठ व्हायलोक तू माह्यापासी उभी राह्याची. पडल्यापासून तू नुसती धावूनच राह्यली. धुनं, चूल, कूस, गोळी. उभी तेवढीच राह्याची. मले वाटे, भरू दे. मंग दुपारी सोडून टाकीन."

मी यांच्या तोंडावरचा घाम पुसला.

"निताईनं बांधलं तवा तरी बोलाचं होतं."

"तवा वाटलं, दोन दिवसानं सांगतो. तुही हौस होऊ दे."

मग म्हणाले, "डिंपलले नको सांगू. तिनं हात घालून पाहा म्हनलं होतं. तिले वाटंल मायनं आयकलं नाई. म्हन, बूच खराब होतं. शब्द दे."

मी दिला. यांच्या डोक्यावर हात ठेवून दिला.

२१ डिसेंबर, बुधवार

डिंपल आली. पहिला प्रश्न, "गादी बरोबर होती ना माय?" मी म्हटलं, बूच ढिलं होतं. तिनं पट्टी आणि तार पाहिली, गाडीतच होती. तिचा चेहरा काळा पडला. हे पालथे पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होते, एका डोळ्यानं.

२७ डिसेंबर, मंगळवार

आज रक्त चढवलं. भाऊजींनी दिलं. म्हणाले, "दादा, पाय देले, रक्त देलं, आता काय बाकी राह्यलं?" हे म्हणाले, "चप्पल." दोघंही हसले. मी बाहेर जाऊन रडून आले.

२ जानेवारी २००६, सोमवार

हे सकाळी साडेनऊला गेले.

उपास होता. कोणीतरी चहा पाजला, मी प्याले.

१५ जानेवारी, रविवार. ब्रह्मपुरी

तेरावं काल झालं. संक्रांत होती, आमच्याकडे नव्हती.

देवासमोर दिवा लावते. नाम तोंडात येत नाही. महादेवावर रुसले असं नाही, त्यानं कुठे सांगितलं होतं मोजायला. पण 'नमः' म्हटलं की पाय खाली जातो माझा. बसल्या जागी. मग मी उठून भांडी घासते.

मी जखम पडू द्यायची नाही हे सहा महिने सांभाळलं. सांभाळताना कुठे चुकलं ते मला दिसतं आहे. कूस चुकवली नाही, तेल चुकवलं नाही. त्या पोरीनं तीनदा सांगितलेला हात मात्र एकदाही घातला नाही. संख्या पूर्ण झाली की मला वाटायचं काम पूर्ण झालं.

भाऊजींना सगळं कळलेलं आहे. एकदाही मला बोल लावला नाही. आज कलाबाई, माझी जाऊ, म्हणाली, "हे रात्री उठून बसतात, म्हनतात पक्कड मीच तं आवळत होतो." म्हणजे तो माणूसही.

१९ जानेवारी, गुरुवार

शेजारी डिंपलचा फोन आला होता. आवाज बसलेला. दुकानात मोठं भांडण केलं म्हणाली. मालकाला तोंडावर सांगितलं, तुमच्या खराब बुचानं माझा बाप गेला. मालकानं तपास केला. माल तपासून खोक्यात भरायचं काम माधवी नावाच्या मुलीकडे. त्या दिवशी तिचीच सही. तिला कालपासून कामावरून काढलं.

"बरं झालं," डिंपल म्हणाली. "माय, तिचा बापही खाटेवरच हाये, तरी तिनं अशी हलगर्जी केली. मले तिचं तोंड पाहू नाई वाटत."

मी फोन धरून उभी राहिले. शेजारीण भाजी निवडत होती. मी एवढंच म्हटलं, "तू जेवत जा वेळेवर."

घरी आल्यापासून बसून आहे. शब्द दिलाय मी यांना. यांच्या डोक्यावर हात ठेवून. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर कुठे माफी मागायची? आणि त्या पोरीची, जिला मी कधी पाहिलं नाही, तिची कुठे मागायची?

यांना माधवी माहीत असती तर यांनी शब्द मागितला नसता. हे मी स्वतःला समजावण्यासाठी म्हणते आहे का? पण मी यांना ओळखते. तळ्यावर कोणाचं जाळं फाटकं निघालं तर हे बाजार सोडून परत जायचे बदलून द्यायला.

२० जानेवारी, शुक्रवार. एसटी स्टँडजवळचा फोन बूथ

ही डायरी बरोबर आणली. काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं, बोलताना फिरेन म्हणून. कागद पाहिलाच नाही.

मी म्हटलं, "डिंपल, मधी बोलू नको. बूच खराब नव्हतं. माधवीची चूक नाई, दुकानाची नाई. तू ब्याऐंशीवर थांबली होती, मी एकशे आठ भरली. नामासाठी. तुह्या बाबानं ते रोज सोडून देलं, तं मी बांधून टाकलं. हात घालून कधी पाह्यलं नाई मी. समजलं का तुले?"

   ती म्हणाली, "बाबाले मालूम होतं?"

"हो. त्यानंच सांगू नको म्हनलं होतं."

बूथचं मीटर पळत होतं.  बूथवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मले बोल, शिव्या दे, पन बोल."

"माय," ती म्हणाली, "तू जेवली का?"

"नाई."

"मी मालकाजवळ जातो आता. मंग माधवीच्या घरी. बूथचा नंबर दे, तिथून फोन करतो. तिथीच थांब, घरी जाऊ नको."

मी बूथच्या बाकड्यावर बसले आहे. दोन बस लागून गेल्या. बूथवाल्यानं पाणी दिलं. आत लोकांचे फोन वाजतात तेव्हा तो माझ्याकडे बघून मान हलवतो, तुमचा नाही. पाच वाजत आले. थांब म्हणाली आहे, थांबते.